तेब्रोनेचा अठरावा पत्रा

रविवार, दिनांक १० ऑक्टोबर १९७६. दुपारी एक वाजून दहा मिनिटे. टेबलाभोवती खुर्च्या आठ, त्यांपैकी शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या तीन. भिंतीवर तांब्याचे उठावाचे पत्रे दोन.

दोन्ही पत्रे एकाच भिंतीवर, एकमेकांपासून एक मीटर वीस सेंटिमीटरवर टांगलेले होते, आणि गेले चार दिवस ग्वेलेसियानी कुटुंबातली सगळी भांडणे तेवढ्याच जागेत चालली होती. डावीकडे लांब केसांची एक मुलगी हरणाच्या गळ्यात हात टाकून उभी होती. ती सुनेने, म्हणजे दोदोने, दुकानातून आणलेली. तिबिलिसीत त्या वर्षी तांब्याचे असे वेड होते की या जिन्यावरच्या वीस घरांपैकी एकोणीस घरांत हीच मुलगी आणि हेच हरीण होते. विसाव्या घरचा माणूस उन्हाळ्यापासून परगावी होता, म्हणून सुटला होता. उजवीकडे दोदोची सासू, तेब्रोने, होती. ती मात्र साऱ्या शहरात एकच.

“बाबा, आजच्या दिवस आईंना कपाटात ठेवू या,” दोदो म्हणाली. “मऊ चादरीत गुंडाळून ठेवते. नुसता चार तासांचा प्रश्न आहे.”

“माझ्या सत्तराव्या वाढदिवसाला तिनं कपाटात बसायचं?” सासरे, पार्नाओझ, म्हणाले.

“मी काय भंगारात टाका म्हणतेय? अहो, पण त्या बघतात कशा! एरास्ती साहेब इथं बसणार, बोंदो भाऊजी त्यांची तारीफ करणार, आणि वरून आई हे असं.” दोदोने ओठाचे उजवे टोक आत दाबून दाखवले.

ते टोक घरात सगळ्यांच्या ओळखीचे होते. बेचाळीस वर्षांच्या संसारात तेब्रोनेने कोणाला ‘खोटं बोलतोस’ असे एकदाही म्हटले नव्हते. समोरचा थाप मारू लागला की तिच्या ओठाचे उजवे टोक किंचित आत जाई, डोळे शांत राहत, आणि थाप मारणाऱ्याला अचानक दुसरे काहीतरी काम आठवे. तीन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून घरातल्या मंडळींना निर्धास्त बोलायची सवय लागली होती, आणि ऑगस्टमध्ये पार्नाओझ यांनी तिला पुन्हा भिंतीवर आणून बसवले होते.

दोदोची योजना तिच्या परीने चोख होती. एरास्ती गृहवाटप समितीवर होते. नव्या घरांच्या यादीत तिच्या नवऱ्याचा, ओतियाचा, क्रमांक सदुसष्ट होता. पाहुण्याने घरातली एखादी वस्तू वाखाणली की ती त्याची झाली, ही रीत तिबिलिसीत कोणाला शिकवावी लागत नाही. एरास्ती हरणवालीला वाखाणतील, दोदो ती तत्क्षणी भिंतीवरून काढून देईल, आणि हरणवाली घेऊन गेलेल्या माणसाला सदुसष्ट हा आकडा मोठा वाटू लागेल. जागेची टंचाई दिसावी म्हणून तिने घरातल्या बोळात शेजारणीची घडीची खाटही उघडून ठेवली होती. तिच्यावर कोणीच झोपणार नव्हते, पण पाहुण्याचा गुडघा आपटणे आवश्यक होते.

“तुझ्या हरणवालीला ठेव कपाटात!” अक्रोडाच्या वाटणातली वांगी घेऊन आत येत पार्नाओझ यांची मुलगी लामारा म्हणाली. “आई कुठं जाणार नाही. आई आहे ती माझी.”

पार्नाओझ यांनी मुलीकडे पाहिले. ऑगस्टमध्ये याच लामाराने या पत्र्याकडे पाहून, “डोक्याला रुमाल बांधलेला तिकीट तपासनीस दिसतोय,” असा अभिप्राय दिला होता. परंतु दोदो विरुद्ध असेल तर लामाराला तिकीट तपासनीसही आई म्हणून चालत असे.

“दोघींचंही बरोबर आहे,” ओतिया म्हणाला. चौदा वर्षे तो याच वाक्यावर संसार करत होता.

तोडगा जावयाने, बोंदोने काढला. बोंदो आजचा तमादा होता. मेजवानीत कोणाच्या नावाने प्यायचे आणि किती वेळ बोलायचे, हे तमादाच्या हाती. तो शाळेत भूगोल शिकवी आणि वजनाने एकशे अठरा किलो होता.

“माझी खुर्ची आईंच्या खाली ठेवा,” तो म्हणाला. “मी उभा राहिलो की त्या दिसणार नाहीत.”

पार्नाओझ यांनी मोजपट्टी आणली आणि जावयाला भिंतीशी उभे केले. उभा असताना पत्रा पूर्ण झाकला जात होता. बसल्यावर हनुवटीपासून वरचा सगळा भाग उघडा.

“बसलास म्हणजे?”

“मी बसत नसतो, बाबा. तमादा आहे मी.”

पार्नाओझ यांनी मान डोलावली. तेब्रोने भिंतीवर राहत होती. बाकी त्यांना काही नको होते.

तिला तिथवर आणायला चौदा महिने लागले होते. रेल्वेच्या डेपोतून निवृत्त झालेला, तंत्रविद्यालयात शिकलेला हा माणूस आयुष्यभर बाष्पकाच्या पोलादी पत्र्यावर काम करत आला होता. तांब्याचा तीन दशांश मिलिमीटरचा पत्रा म्हणजे पोरखेळ, असे समजून तो डेपोच्या क्लबातल्या वर्गात नाव घालायला गेला. तिथे शिकवणारी झुझुना त्यांच्या मुलीपेक्षा लहान होती. पार्नाओझ यांनी तिला कामाचा तक्ता दाखवला: कृती चोवीस, प्रत्येक कृतीपुढे अपेक्षित वेळ.

“छान आहे,” झुझुना म्हणाली. “हा तांब्याला वाचून दाखवा, ऐकलं तर.”

तांब्याने ऐकले नाही. पहिला पत्रा नाकाशी फाटला, कारण ठोकून ठोकून ताठर झालेले तांबे मध्येच विस्तवावर धरून मऊ करायचे असते, आणि तक्त्यात ती कृती एकदाच होती. दुसरा आणि तिसरा जळाले. राळ, विटेची पूड आणि तेल शिजवून पत्र्याखालची गादी करायची. ती पार्नाओझ यांनी दोदोच्या वांगी तळायच्या कढईत शिजवली, तेव्हा खालच्या मजल्यावरून अग्निशामक दलाला फोन गेला. त्या दिवसापासून दोदो तांब्याचे नाव निघाले की कढईकडे पाही. पाचव्या पत्र्यावर प्रथमच बाईचा चेहरा उमटला आणि पार्नाओझ तो छातीशी धरून वर्गात गेले. तेब्रोनेचा तीळ डाव्या गालावर होता. पत्र्यावर तो उजव्या गालावर होता.

“ही तुमच्या बायकोची आरशातली बहीण,” झुझुना म्हणाली, आणि ‘बातोनो’ म्हणजे ‘श्रीयुत’ लावून पुढे सांगितले. “बातोनो पार्नाओझ, काम मागून होतं. जे पुढं यायला हवं त्याला पाठीमागून ठोकायचं. अडलात की एकच करायचं, पत्रा उलटा करायचा.”

पुढे प्रत्येक वेळी, ते भुवया आवळून बसले की, वर्गाच्या दुसऱ्या टोकाहून तेवढेच वाक्य येई: पत्रा उलटा करा. सतरा पत्रे वाया गेले. ओठ काही केल्या जमत नव्हते. पासपोर्टवरच्या फोटोतले ओठ त्यांनी कर्कटकाने अर्ध्या मिलिमीटरपर्यंत बरोबर मोजले होते, आणि ते पासपोर्टवरच्या बाईचेच राहिले होते. अठराव्या पत्र्याला झुझुनाने कर्कटक काढून आपल्या पिशवीत टाकला. “आता ती तुम्हाला काय म्हणायची ते आठवा आणि ठोका.” ती काही म्हणायची नाही, हेच त्यांना आठवले. हातोडी किंचित घसरली, ओठाचे उजवे टोक आत गेले, आणि पार्नाओझ यांना वर्गाच्या बाहेर जाऊन उभे राहावे लागले.

पाहुणे दोन वाजता आले. एरास्ती साठीचे, नीटस मिशांचे गृहस्थ होते. बोळात त्यांचा गुडघा खाटेवर आपटला आणि दोदोने समाधानाने क्षमा मागितली. मागोमाग त्यांच्या पत्नी, कालबातोनो म्हणजे श्रीमती इझोल्दा, आत आल्या. त्यांनी प्रथम भिंतीकडे पाहिले, हरणवाली पाहिली, आणि नवऱ्याची बाही घट्ट धरली. सर्वांत शेवटी झुझुना आली आणि टेबलाच्या टोकाला, दाराजवळ बसली.

बोंदोने शब्द पाळला. तो शांततेच्या नावाने उभा राहिला, मातृभूमीच्या नावाने उभा राहिला, सत्कारमूर्तींच्या नावाने सोळा मिनिटे उभा राहिला, आणि मग पाहुण्यांकडे वळला.

“काही माणसं घरं वाटतात,” तो म्हणाला, “आणि काही माणसं माणसांना आशा वाटतात! बातोनो एरास्ती, तुम्ही या शहराच्या छपरांचे पिता आहात! गाउमार्जोस!”

“गाउमार्जोस!” सगळे म्हणाले आणि प्याले रिकामे झाले.

वाखाणणे मात्र होईना. एरास्ती फक्त अशाच गोष्टी वाखाणत होते ज्या भिंतीवरून काढता येत नाहीत.

“खिडकीतून प्रकाश काय सुंदर येतो!” ते म्हणाले.

“आणि या तांब्यावर पडला की आणखी,” दोदो हरणवालीकडे हात करत म्हणाली.

“हो, आणि हवा! ही हवा आमच्याकडे नाही.”

“ही आम्ही खास शोधून आणली हो, ही मुलगी.”

“अस्सं. खाचापुरी गरम आहे, गरमच खावी,” एरास्ती म्हणाले आणि चीज भरलेल्या पोळीत तोंड घातले. इझोल्दा यांनी सुटकेचा श्वास टाकलेला पार्नाओझ यांनी पाहिला, पण त्याचे कारण त्यांना कळले नाही.

सातव्या प्याल्यानंतर सुरई संपली. ओतिया उठेना, म्हणून तमादाच स्वयंपाकघरात गेला. दोदो त्या वेळी एरास्तींच्या कानाशी वाकली होती, आणि भिंत मोकळी झालेली तिच्या लक्षात आली नाही.

“आमच्या त्या यादीचं, साहेब…”

“कालबातोनो दोदो, काय सांगू!” एरास्ती म्हणाले. “तुमच्या प्रकरणाचा मी रात्रंदिवस विचार…”

ते थांबले. त्यांची नजर बोंदोच्या रिकाम्या खुर्चीच्या वर गेली होती. प्याला हातात तसाच राहिला.

“ही कोण?”

“माझी बायको,” पार्नाओझ म्हणाले.

“माझी आई अशी बघायची.” एरास्तींचा आवाज बदलला होता, त्यातला समितीचा माणूस निघून गेला होता. “शाळेत मार खाऊन यायचो आणि पडलो म्हणून सांगायचो, तेव्हा. हेच टोक. कोणी केलं हे?”

“मी.”

“असं काम मी जन्मात पाहिलं नाही, बातोनो पार्नाओझ. हे तांबं नाही. जिवंत आहे हो हे.”

“एरास्ती!” इझोल्दा यांनी त्यांच्या मांडीला चिमटा घेतला. उशीर झाला होता.

खोलीत कोणी हालले नाही. मग दोदो हालली. चार दिवस जी बाई तेब्रोनेला कपाटात घालायला निघाली होती, तिने दोन ढांगांत भिंत गाठून पत्रा खिळ्यावरून काढला.

“तुमचाच आहे, साहेब! आमच्या घरातली सर्वांत मौल्यवान वस्तू!”

“आईला हात लावायचा नाही!” लामारा ओरडली.

“ऑगस्टमध्ये आई नव्हती ती. तिकीट तपासनीस होती.”

“मी गमतीनं म्हटलं होतं!”

“ओतिया, सांग हिला!” दोदो नवऱ्याला म्हणाली.

“दोघींचंही…” ओतियाने सुरुवात केली आणि पुढचे वाक्य वांग्याबरोबर गिळले.

एवढ्यात सुरई घेऊन बोंदो परतला. भिंतीवर मोकळा खिळा, दोदोच्या हातात पत्रा, पाहुण्यांच्या चेहऱ्यावर संकोच. काय झाले असेल ते तमादाने एका दृष्टिक्षेपात ओळखले आणि चुकीच्या बाजूने मदतीला धावला.

“अहो, हे ग्वेलेसियानींचं घर आहे!” तो गरजला. “याच घरच्या लुकाया आजोबांनी पाहुण्यानं नुसतं ‘चाल सुरेख आहे’ म्हटलं म्हणून राखाडी घोडी दिली आणि आपण अठरा किलोमीटर पायी घरी आले! घोडीच्या नावानं!”

घोडीची गोष्ट या घरात प्रत्येक मेजवानीत होत असे, आणि आजवर ती पार्नाओझ यांनीच सर्वांत अभिमानाने सांगितली होती. घोडी गेल्यावर आपली आई वर्षभर वडिलांशी, म्हणजे लुकायाशी, बोलली नव्हती, हा भाग ते सांगत नसत. आज त्यांना तेवढाच भाग आठवला.

सगळे त्यांच्याकडे पाहत होते. सुनेच्या हातून वस्तू गेली तरी धन्याच्या तोंडून शब्द गेल्याशिवाय ती दिली असे होत नाही. नाही म्हणावे, तर लुकायाची घोडी, वडिलांचे नाव, सत्तर वर्षांत ऐकलेले आणि ऐकवलेले सगळे खोटे. हो म्हणावे, तर उद्या सकाळी भिंतीवर नुसता खिळा.

ते उठले. दोदोच्या हातातून पत्रा घेतला, बाहीने एकदा पुसला, आणि एरास्तींच्या हातात दिला.

“तुमचा आहे, बातोनो एरास्ती. सुखानं न्या.”

लामारा रडू लागली. एरास्ती पत्रा मांडीवर धरून, चोरी करताना सापडल्यासारखे बसले. नाकारणे म्हणजे यजमानाच्या तोंडावर मारणे, हे त्यांनाही ठाऊक होते. पार्नाओझ भुवया आवळून रिकाम्या खिळ्याकडे पाहत उभे राहिले, आणि टेबलाच्या टोकाहून, दाराजवळून, वर्गातला तो आवाज आला.

“पत्रा उलटा करा, बातोनो पार्नाओझ.”

झुझुना मान खाली घालून भाकरीचा तुकडा मोडत होती. जणू ती काही बोललीच नव्हती.

पार्नाओझ यांना कळायला काही क्षण लागले. मग त्यांनी मद्याने भरलेले प्यायचे शिंग उचलले.

“तमादा, मला एक प्याला बोलू दे.”

“बोला, बाबा! आजचे मानकरी तुम्ही!”

“मी ग्वेलेसियानींच्या वस्तूबद्दल बोलणार नाही,” पार्नाओझ सावकाश म्हणाले. प्रत्येक शब्द ते पेच आवळावा तसा बसवत होते. “ती वस्तू आता आमची नाही. दिली. बरोबर?”

“दिली!” बोंदो म्हणाला.

“कोणाची झाली?”

“पाहुण्यांची!”

“पूर्ण?”

“पूर्ण, बाबा! ग्वेलेसियानी अर्धवट देत नसतात!”

“तर मग माझ्या पाहुण्यांच्या मालकीची एक वस्तू मी पाहतो आहे. त्यांच्या मांडीवर आहे.” त्यांचा आवाज किंचित कापला, त्यांनी तो सरळ केला. “अशी सुंदर वस्तू मी सत्तर वर्षांत पाहिली नाही, बातोनो एरास्ती. त्या ओठाचं ते टोक बघा. ज्याच्या घरी अशी वस्तू, तो माणूस भाग्याचा. तुमच्या वस्तूच्या नावानं!”

आणि त्यांनी शिंग शेवटच्या थेंबापर्यंत रिकामे केले.

आधी कोणालाच उमगले नाही. सर्वांत आधी इझोल्दा हसल्या. इतक्या जोरात की त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला.

“देऊन टाका! बसलात काय? वाखाणली ना त्यांनी! द्या की!”

एरास्ती ताडकन उठले. त्यांनी आयुष्यात इतक्या आनंदाने कधी काही दिले नसावे.

“तुमचीच आहे, बातोनो पार्नाओझ! सुखानं ठेवा!”

“थांबा, थांबा,” बोंदो भूगोलाच्या शिस्तीने म्हणाला. “पण साहेबांनी पुन्हा वाखाणली तर?”

“साहेब आता जेवतील,” इझोल्दा म्हणाल्या. “फक्त जेवतील. तुम्हाला काय सांगू हो! गेली सहा वर्षं हे ज्याच्या घरी जातात तिथं शिष्टाचार म्हणून एक शब्द बोलतात आणि बगलेत पोरगी घेऊन येतात. एकतीस आहेत आमच्याकडे! एकतीस पोरी, एकतीस हरणं! पलंगाखाली सुद्धा जागा नाही. निजताना शिंगं टोचतात.”

लामाराचे डोळे अजून ओले होते, तरी तिला हसू फुटले. ओतिया हसला आणि बायकोकडे पाहून थांबला. दोदो एकटी हसली नाही. तिने अख्खा आठवडा उकळले, तळले, उसने आणले होते, आणि पाहुणा रिकाम्या हाताने निघाला होता. रिकाम्या हाताने गेलेल्या माणसाला यादी आठवत नाही. तिने ओठ घट्ट मिटले, भिंतीपाशी गेली, आणि हरणवाली काढून इझोल्दा यांच्या हातात ठेवली.

“कोणी वाखाणली नसली म्हणून काय झालं! पाहुणा असा जात नाही आमच्याकडून.”

इझोल्दा यांचे हसू जिथे होते तिथेच मावळले. नाही म्हणण्याची सोय नव्हती.

“बत्तिसावी,” त्या म्हणाल्या.

पावणेसहाला पाहुणे निघाले. पार्नाओझ खुर्चीवर चढून तेब्रोनेला खिळ्यावर बसवत होते. दोदोने एरास्तींना दारात गाठले.

“साहेब, मघाशी तुम्ही म्हणत होतात. रात्रंदिवस विचार करता म्हणून.”

एरास्तींनी तोंड उघडले. बघू या, करू या, माझ्याकडे लागलं. ही वाक्ये गेली वीस वर्षे त्यांच्या जिभेवर आयती तयार असत. तेवढ्यात दोदोच्या खांद्यावरून त्यांची नजर आत गेली, आणि भिंतीवरून कोणीतरी ओठाचे टोक आत दाबून त्यांच्याकडे पाहिले.

“कालबातोनो दोदो,” ते म्हणाले, “तुमचा क्रमांक सदुसष्ट आहे. सहासष्ट माणसांना घरं मिळेपर्यंत तो सदुसष्टच राहील. मला त्यात काही करता येत नाही. कधीच येत नव्हतं. बोलावतात, म्हणून मी येतो.”

ते खाटेला वळसा घालून, बगलेत हरीण घेऊन जिना उतरले.

दोदो दार लावून आत आली. बोंदो खुर्चीत घोरत होता. लामारा ताटल्या रचत होती. दोदोने बोळातली खाट घडी करून शेजारणीला परत द्यायला बाजूला ठेवली, आणि सासूसमोर येऊन उभी राहिली.

“मिळालं समाधान?” ती तेब्रोनेला म्हणाली.

मग सासऱ्यांकडे न पाहता तिने हात वर केला. “डावीकडे कलल्यात, बाबा,” ती म्हणाली, आणि पत्रा दोन बोटांनी सरळ केला.

पार्नाओझ यांनी सवयीप्रमाणे पाणसळ लावून पाहिली. सरळ होता.

यादीतला क्रमांक सदुसष्ट. भिंतीवर खिळे दोन, पत्रा एक.